फिजिक्स शिकवताय? आधी पोरांच्या डोक्यात काय आहे ते बाहेर काढा

एफ इज इक्वल टू एमए (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण) वरची सगळी गणितं बरोबर सोडवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारून बघा. नाणं सरळ वर उडवलं, हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, हवेचा विरोध सोडून द्या, तर या क्षणी त्याच्यावर कुठली कुठली बलं आहेत? बहुतेक वेळा उत्तर येतं की एक बल वर ढकलतंय आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, वरचं जरा जास्त आहे म्हणून तर वर चाललंय ना, मग ते हळूहळू संपतं, टोकाला दोन्ही सारखी होतात आणि मग नाणं खाली येतं. एकदम लॉजिकल गोष्ट आहे, फक्त चूक आहे. फिजिक्स कसं शिकलं जातं यावर संशोधन करणाऱ्या जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न घालून बघितला तर मेकॅनिक्सचा कोर्स झाल्यावरसुद्धा बहुतेकांचं उत्तर हेच होतं.

म्हणजे पोरं अभ्यास करत नाहीत, बेसिक कच्चं आहे वगैरे जे आपण स्टाफरूममधे बोलतो ते इथे लागू होत नाही. पोरं रिकामं डोकं घेऊन वर्गात येतच नाहीत, चालणं, ढकलणं, फेकणं या सगळ्यातून त्यांचं स्वतःचं एक फिजिक्स आधीच तयार झालेलं असतं आणि ते रोजच्या जगात बऱ्यापैकी चालतंही. आपण फळ्यावर नवीन शिकवतो ते त्याच्या शेजारी जाऊन बसतं, परीक्षेत नवीन बाहेर येतं, बाकी वेळी जुनं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांना १९९० च्या आसपास हेच सर्किटमधे दिसलं, किर्चहॉफचे नियम लावून दोन लूपची गणितं सोडवणारे विद्यार्थी साध्या बल्ब आणि स्विचच्या प्रश्नात, ज्यात एकही आकडेमोड नव्हती, तिथे गडबडत होते.

तर खाली जे लिहितेय ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, तुम्ही बोलायच्या आधी पोरांकडून उत्तर काढा, आणि ते उत्तर त्यांनी कागदावर लिहिलेलं असू दे.

प्रश्न कसा विचारायचा

पहिली गोष्ट, "समजलं का?" हा प्रश्न बंद करा. त्याला येणारा सामुदायिक "होSS" म्हणजे पुढे चला एवढाच अर्थ असतो. आणि हात वर करून उत्तर देणारी तीच तीन पोरं बोलणार, त्यांच्यावरून वर्गाचा अंदाज बांधला की झालंच कल्याण.

त्याऐवजी असं करा. फळ्यावर एक प्रश्न आणि तीनचार पर्याय लिहा. आकडे नकोत. दीड-दोन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकानं आपापलं उत्तर वहीत लिहायचं, पेननं. मग तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरून पर्याय दाखवायचा, एक बोट म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. छातीशी यासाठी की शेजारच्याचं बघून बदलता येऊ नये. यासाठी ॲप आहेत, क्लिकर (बटण दाबून उत्तर देण्याचे छोटे रिमोट) आहेत, पण बोटं फुकट आहेत आणि चार्ज करावी लागत नाहीत.

आता तुम्ही एका नजरेत बघा किती जण बरोबर आहेत. ढोबळमानाने तीस टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेला सोडू नका, कारण चर्चा करायला पुरेसा मसालाच नाही, जरा अजून समजावून परत विचारा. सत्तरच्या वर असतील तर दोन वाक्यात कारण सांगून पुढे जा. मधे असतील तर सोनं आहे. "शेजारचा जो वेगळं उत्तर देतोय त्याला पटवा" एवढंच म्हणा, तीन मिनिटं गोंगाट होऊ द्या, परत बोटं. या पद्धतीला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात, ती माझूर यांचीच. गोंगाट बघून प्रिन्सिपल दारात आले तर येऊ देत.

एक बारीक गोष्ट, बोटं बघताना तुमचा चेहरा. आपण नकळत बरोबर उत्तर दिसलं की हसतो आणि चूक दिसलं की भुवई वर जाते, पोरं ते फिजिक्सपेक्षा आधी शिकतात. आणि बरोबर उत्तर देणाऱ्यालाही "का?" विचारा, फक्त चुकलेल्यांनाच विचारलं तर "का" म्हणजे चुकलो असा अर्थ लागतो आणि मग कोणी तोंड उघडत नाही.

पर्याय बनवताना चुकीचे पर्याय स्वतःच्या मनानं बनवू नका, पोरांच्या तोंडून आलेले वापरा. नाण्याच्या प्रश्नाला पर्याय असे:

१. फक्त खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण
२. गुरुत्वाकर्षण आणि वर ढकलणारं, हळूहळू कमी होत जाणारं बल
३. गुरुत्वाकर्षण आणि वर ढकलणारं, सारखं राहणारं बल
४. वर जाताना फक्त वरचं बल, खाली येताना फक्त गुरुत्वाकर्षण

दुसऱ्या पर्यायावर बोटांची गर्दी होईल. मग मी फक्त एवढंच विचारते की हे वरचं बल कोण लावतंय? "हात." हात तर खाली राहिला, आता शिवतो का नाण्याला? "नाही पण... त्यानं दिलंय ना." काय दिलंय? इथे वर्ग थांबतो. कोणीतरी म्हणतं वेग दिलाय. हा क्षण घाईनं संपवायचा नाही. त्यांच्या मनात जे "वरचं बल" आहे ते खरं तर संवेगासारखं (वस्तुमान गुणिले वेग) काहीतरी आहे, आणि ते त्यांना तसं सांगा की तुमचा अंदाज पूर्ण फालतू नाही, वर जाताना काहीतरी कमी होत चाललंय हे बरोबर ओळखलंत, पण त्या गोष्टीला बल म्हणत नाहीत. चुकीच्या कल्पनेला झाडून टाकण्यापेक्षा तिला योग्य जागी बसवणं जास्त टिकतं.

असे तयार प्रश्न हवे असतील तर फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची एक टेस्ट आहे, हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मधे काढलेली, सध्याच्या रूपात ३० प्रश्न, एकही गणित नाही, आणि सगळे चुकीचे पर्याय लोकांच्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच टेस्ट घ्यायची आणि मधे किती फरक पडला बघायचा. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ कोर्सेसमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे असे आकडे एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती आलं हे मोजलं तर नेहमीच्या लेक्चरवाल्या वर्गांचं सरासरी ०.२३ आणि जिथे पोरं वर्गातच डोकं लावत होती, बोलत होती तिथे ०.४८. दुपटीच्या वर. लेक्चरवाल्यात चांगले शिकवणारेही होतेच.

पटत नसेल तर मधली पायरी शोधा

काही गोष्टी कितीही सांगा, गळी उतरत नाहीत. टेबलावर पुस्तक ठेवलंय, टेबल पुस्तकाला वर ढकलतंय. पोरं म्हणतात टेबल कसं ढकलेल, ते तर नुसतं मधे आलंय. क्लेमेंट यांनीच यावर एक फार छान रस्ता काढलाय. ज्यावर पोरांचा आधीच विश्वास आहे तिथून सुरू करायचं, हातानं स्प्रिंग दाबली तर ती हाताला उलटी ढकलते, हे कोणी नाकारत नाही. मग स्प्रिंगवर पुस्तक ठेवा. ठीक आहे. मग जाड फोमवर पुस्तक. मग दोन आधारांवर ठेवलेली पातळ लवचिक पट्टी, पुस्तकाखाली वाकलेली. मग जाड फळी. मग टेबल. प्रत्येक ठिकाणी विचारत जायचं, इथे वर ढकलतंय का? इथे? आणि जिथे वर्ग फुटतो तिथे थांबायचं.

शेवटी टेबलासाठी एक जबरी प्रयोग आहे. टेबलावर छोटा आरसा आडवा ठेवा, त्यावर लेझर पॉइंटर अगदी तिरका मारा म्हणजे ठिपका लांबच्या भिंतीवर पडेल, पॉइंटर मात्र टेबलाला न चिकटवता वेगळ्या स्टँडवर पक्का हवा. आता आरशाजवळ टेबल जोरात दाबा किंवा कोणालातरी त्यावर बसवा. ठिपका सरकतो. टेबलसुद्धा वाकतं, म्हणजे तेही एक खूप कडक स्प्रिंगच आहे. हा ठिपका सरकताना बघितलेली पोरं नॉर्मल फोर्स, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल, विसरत नाहीत.

पण प्रयोग दाखवायच्या आधी भाकीत लिहून घ्या. हे मी हात जोडून सांगते. माझूर यांच्याच ग्रुपनं २००४ मधे बघितलं की प्रयोग नुसता बघितलेल्या विद्यार्थ्यांची समज प्रयोग न बघितलेल्यांइतकीच जवळजवळ निघते, आणि आधी काय होईल ते सांगायला लावलं की फरक पडतो, वेळ मात्र जेमतेम दोन मिनिटंच जास्त लागतो. कारण अंदाज लिहिलेला नसला की समोर जे झालं तेच "मला वाटलंच होतं" होऊन जातं, आणि कधीकधी तर पोरं चक्क आपल्या समजुतीला जुळेल असं काहीतरी बघितल्याचं आठवतात.

एक सोपा प्रयोग सांगते, लवचिक पारदर्शक नळी टेबलावर अर्धवर्तुळात आडवी चिकटवा, एका टोकातून गोटी जोरात सोडा, बाहेर पडल्यावर कशी जाईल ते वहीत काढा. मॅक्लॉस्की आणि मंडळींनी १९८० मधे हाच प्रश्न कागदावर दिला होता आणि कॉलेजातल्या बऱ्याच जणांनी गोटी बाहेर पडल्यावरही वळत जाईल असं चित्र काढलं. गोटी सरळ जाते, आणि ज्यांनी वळणदार रेघ काढलीय ते "परत दाखवा" म्हणून ओरडतात. परत दाखवा.

एका वेळी डोक्यात किती मावतं

आता दुसरी बाजू. समजूत बरोबर असली तरी गणित सुरू झालं की पोरं बुडतात, आणि त्याचं कारण वेगळं आहे. आपण ज्यात क्षणभर गोष्टी धरून काम करतो ती वर्किंग मेमरी फारच लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधे सात गोष्टींच्या आसपास म्हटलं होतं, नंतर २००१ मधे नेल्सन कोवन यांनी हिशेब करून तो आकडा चारच्या जवळ आणला.

चार. आता उतारावरचा ठोकळा बघा. २ किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार, घर्षण गुणांक ०.२, जी १० धरा, त्वरण काढा. तुम्हाला आम्हाला हे एक चित्र आहे, बघितलं की हात आपोआप वजनाचे दोन घटक पाडतो. पोराच्या डोक्यात काय काय एकदम चालू असतं, वजन सरळ खाली, अक्ष तिरके का घ्यायचे, साइन कुठे कॉस कुठे, तो ३० अंशांचा कोन खाली आहे तर इथे वर कसा आला, नॉर्मल म्हणजे एमजी (वजन) नाही का, घर्षण वर का खाली, म्यू (घर्षण गुणांक) कशाला गुणायचा, आणि कॉस ३० किती असतो. चारच्या कधीच पुढे गेलं. मग ते पोर समजून घेणं सोडून देतं आणि जुळणारा फॉर्म्युला शोधायला लागतं. आळस म्हणू नका त्याला, डोक्यात जागाच उरली नाही.

जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावर जो उपाय सांगितला तो ऐकायला उलटा वाटतो. नवीन प्रकार शिकवताना "घ्या, प्रयत्न करा" म्हणून लगेच गणित टाकू नका, आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या आणि त्याचा अभ्यास करू द्या, मग लगेच तसंच एक त्यांच्याकडून. नव्या पोरांसाठी हे नुसत्या धडपडीपेक्षा चांगलं चालतं, आणि वेळही वाचतो.

पण सोडवलेलं उदाहरण म्हणजे फळ्यावर भराभर लिहून पोरांनी उतरवून घेणं, ते नव्हे. वरचंच घ्या. चित्र काढा आणि आकडे चित्रातच बाणांच्या शेजारी लिहा, बाजूला वेगळी यादी नको, कारण यादी आणि चित्र यात डोळे फिरवण्यातच अर्धी जागा खर्च होते. मग एकेक ओळ:

उतारावरून खाली ओढणारा वजनाचा घटक, २ गुणिले १० गुणिले साइन ३०, म्हणजे १० न्यूटन.
उताराला काटकोनात, २० गुणिले कॉस ३०, १७.३ न्यूटन, नॉर्मल तेवढाच.
घर्षण ०.२ गुणिले १७.३, म्हणजे ३.५ न्यूटनच्या आसपास, उतारावर वरच्या दिशेनं.
उरलं साधारण ६.५, भागिले २, त्वरण ३.२५ च्या जवळ, मीटर प्रति सेकंद वर्ग.

आणि प्रत्येक ओळीसमोर मोकळी जागा सोडा, तिथे पोरांनी एक वाक्य लिहायचं, ही ओळ का? "नॉर्मल २० का नाही?" "घर्षण वर का?" मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ मधे बघितलं की मेकॅनिक्सची उदाहरणं वाचताना जी मुलं स्वतःला प्रत्येक पायरीचं कारण सांगत वाचतात तीच नंतर गणितांत पुढे जातात, आणि बाकीचे नुसते "हां हां, समजलं" करत पान उलटतात.

पुढच्या उदाहरणात शेवटची ओळ कोरी ठेवा. त्याच्या पुढच्यात शेवटच्या दोन. असं मागून पुसत पुसत यायचं, शेवटी नुसतं चित्र उरतं, आणि मग चित्रही त्यांनीच काढायचं. पाचसहा उदाहरणांत हे बसतं. आणि ज्या पोरांना आता येतंय त्यांना अजून सोडवलेली उदाहरणं देत बसू नका, त्यांच्यासाठी तीच मदत अडथळा होते, हेही नीट सिद्ध झालेलं आहे. हुशार पोरं मधेच कंटाळतात त्याचं एक कारण हेच.

अजून दोन छोट्या गोष्टी याच कप्प्यातल्या. पोरं उतरवून घेत असताना तुम्ही बोलू नका, त्यांना दोन्ही जमत नाही, लिहू दे मग बोला. आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच शब्दशः वाचून दाखवू नका, बॅकग्राउंडला फिरणारं रॉकेट तर काढूनच टाका, ते तुमच्यासाठी होतं.

आणि कधीतरी गणितातला शेवटचा प्रश्नच काढून टाका. "त्वरण काढा" ऐवजी "या चित्रावरून जे जे काढता येईल ते काढा." कुठलं उत्तर गाठायचंय याचं टेन्शन गेलं की पोरं उलट्या दिशेनं फॉर्म्युला शोधायचं थांबवतात आणि आहे त्या स्थितीकडे बघायला लागतात. पहिल्यांदा वर्ग गोंधळतो, "मॅडम पण काय काढायचंय?", दुसऱ्यांदा आवडतं.

गणित ओळखणं हे वेगळं शिकवावं लागतं

१९८१ चा एक अभ्यास फिजिक्स शिकवणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा आहे. ची, फेल्टोविच आणि ग्लेसर यांनी फिजिक्सचे २४ प्रश्न कार्डांवर लिहून दिले आणि सांगितलं, सोडवू नका, नुसते गट पाडा. नवख्या विद्यार्थ्यांनी गट पाडले, हे उतारवाले, हे स्प्रिंगवाले, हे कप्पीवाले. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी पाडले, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचे, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचे. तेच कागद, पण एकाला वस्तू दिसतात आणि दुसऱ्याला तत्त्व.

आणि आपली पुस्तकं काय करतात, धडा ऊर्जेचा, खाली वीस गणितं ऊर्जेची. त्यात ओळखायचं काय असतं? धड्याचं नाव वाचलं की झालं. परीक्षेत सगळं मिसळून आलं की तेच पोर म्हणतं सुरुवात कशी करायची कळलं नाही.

म्हणून कार्डांचा हाच खेळ वर्गात करा. चार चार जणांचे गट, प्रत्येकाला हे पाच:

अ. घर्षण नसलेल्या उतारावरून ठोकळा सुटला, तळाशी वेग किती?
आ. त्याच उतारावर त्याला खाली यायला वेळ किती लागला?
इ. तो ठोकळा खाली येऊन दुसऱ्या थांबलेल्या ठोकळ्याला चिकटला, दोघांचा मिळून वेग किती?
ई. दाबलेल्या स्प्रिंगनं चेंडू सरळ वर उडवला, किती उंच जाईल?
उ. बंदुकीची गोळी लाकडाच्या ओंडक्यात घुसून राहिली, ओंडका किती वेगानं सरकायला लागेल?

पेन खाली ठेवायचं, सोडवायचं नाही, फक्त कुठली दोन एकसारखी आणि का ते सांगायचं. पहिल्या फेरीत अ, आ आणि इ एकत्र येणार, उतार दिसला की झालं. मग हळूच विचारा, वेळ काढायला ऊर्जेचं समीकरण पुरेल का, त्यात वेळ कुठे आहे? आणि मग कोणाच्यातरी लक्षात येतं की अ ची जोडी ई शी आहे, उ ही इ च्या शेवटच्या भागाची बहीण आहे, आणि इ मधे तर दोन तत्त्वं एकामागून एक लागतात, आधी ऊर्जा मग संवेग, आणि चिकटताना ऊर्जा टिकत नाही म्हणून मधे तत्त्व बदलावं लागतं. हा शेवटचा मुद्दा मी कधीच स्वतः सांगत नाही, वाट बघते.

गृहपाठातही हेच, आजच्या धड्याची तीनच गणितं आणि मागच्या धड्यांतली पाच मिसळून. प्रत्येक गणिताच्या आधी दोन ओळी शब्दांत लिहायच्या, कुठलं तत्त्व आणि ते इथे का लागतं, त्यालाही मार्क. तक्रारी येतील कारण मिसळलेला गृहपाठ जास्त चुकतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मधे घनफळाच्या गणितांवर हे करून बघितलं, सरावाच्या वेळी मिसळून करणारे मागे होते, आठवड्यानं टेस्ट घेतली तर मिसळणाऱ्यांना ६३ टक्के आणि एकेक प्रकार सलग करणाऱ्यांना २० टक्के.

विसरू द्या, मग आठवायला लावा

याबद्दल थोडक्यातच, कारण हे सगळ्यात सोपं आहे. तास सुरू झाला की वह्या बंद, तीन प्रश्न, एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पाच मिनिटं. मार्क नाहीत, मार्क ठेवले की कॉपी सुरू होते आणि सगळा उद्देशच मेला. उत्तर तपासायचं मात्र लगेच, नाहीतर चूकच पक्की होते.

रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग यामागे आहे, तोच उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमधे पुढे, पण आठवड्यानंतर बघितलं तर ज्यांनी वाचून मग न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे. पोरांना हे सांगा की बाबांनो हायलायटर बाजूला ठेवा आणि कोरा कागद घ्या. फिजिक्समधे कोऱ्या कागदावर फॉर्म्युले नकोत, "घर्षणाबद्दल जे माहीत आहे ते, चित्रांसकट" असं लिहू दे. त्यात काय सुटलं ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

पोरं नाराज होणार, तयारी ठेवा

हे सगळं सुरू केलं की पहिल्या दोनतीन आठवड्यांत कुरकुर ऐकू येते. मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात. पालकांपर्यंतही जाते. यात नवल काही नाही, २०१९ मधे हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गात डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी बघितलं की स्वतः डोकं लावून शिकणाऱ्या गटाला टेस्टमधे जास्त मार्क पडले, पण "मी जास्त शिकलो" असं वाटलं ते छान लेक्चर ऐकणाऱ्या गटाला. सुंदर लेक्चर ऐकताना सगळं कसं सुरळीत वाटतं आणि त्या सुरळीतपणालाच आपण समज म्हणतो. तर पहिल्याच आठवड्यात पोरांना हा प्रयोग सांगून टाका, अवघड वाटेल, वाटू दे, तेव्हाच काम चाललंय. लपवून करायचं काहीच नाही यात.

आणि कोणी सांगितलं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं, त्याप्रमाणे गट पाडून शिकवा, तर सोडून द्या. ते ट्रेनिंगमधे फार चालतं पण तसं जुळवून शिकवल्यानं फायदा होतो याला धड पुरावा मिळालेला नाही. आलेख, चित्र, शब्द आणि समीकरण हे चारही सगळ्यांनाच लागतात, विषयच तसा आहे.

आता पोर्शनचं काय, हा प्रश्न येणारच. सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात फक्त तासाच्या सुरुवातीचे तीन प्रश्न आणि दर तासाला एक बोटांचा प्रश्न, मिळून पंधरा मिनिटं जातील, ती फळ्यावरची तीन सारखीच गणितं कमी करून सहज निघतात. सोडवलेली उदाहरणं पुसत आणायचं काम बलाच्या धड्यापासून सुरू करा, कारण तिथे डोक्यावरचा भार सगळ्यात जास्त असतो. विजेच्या धड्याला आलात की बल्बचा प्रश्न नक्की घ्या, सारख्या बॅटऱ्या, सारखे बल्ब, एका बॅटरीला एकटा बल्ब, दुसरीला दोन एकसरीत, तिसरीला दोन समांतर, पाचही बल्बांचा तेजानुसार क्रम लावा. मॅकडर्मॉट आणि शाफर यांनी हा विचारला तेव्हा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांतही साधारण १५ टक्केच बरोबर आले होते. उत्तर आधी स्वतः काढा, बॅटरीचा अंतर्गत रोध शून्य धरून.

आणि एक जुनी वही यासाठीच ठेवा. पेपर तपासताना, तोंडी विचारताना, मधल्या सुट्टीत पोरं आपापसात बोलताना जे जे भन्नाट चुकीचं उत्तर ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत त्यात उतरवा, धड्याचं नाव टाकून. पुढच्या वर्षीचे पर्याय क्रमांक दोन, तीन आणि चार तिथूनच निघतात.